गाईचं अंडं

रोहणा, ता. आर्वी
८ जानेवारी १९८६

जयवंतास आजीचा जयभीम.

विसरली असशीन म्हणून आधी ओळख सांगते. मी तानाबाई. तुह्या बापाची माय. रंगानं काळी, उंचीनं बेताची, तोंडात दात दोन, तेही एकमेकाईले भेटत नाईत. तू लहानपणी ज्या म्हातारीच्या लुगड्याले नाक पुसत होती ती मीच. आता आठवलं असन तं पुढं वाच. नाई तं पाकीट डाकवाल्याले वापस दे, पत्ता चुकला म्हण.

दिवाळीले पत्र नाई, त्याच्या आधीही नाई. डोक्यात एवढी विद्या भरली तं जागा कमी पडली असन, म्हणून म्हातारीले बाहेर काढलं. लिहून राह्यली तुही काकू सुलोचना. मी बोलते अन् ती लिहिते. मधातच हासते, म्हणून अक्षर हाललं तं माफ कर.

तुहा बाप बरा आहे. शाळा, अन् शाळा सुटली की विहार. सेक्रेटरी झाल्यापासून सतरंजीवर कोण कसं बसलं तेही पायते. समोरच्या खोलीत तुहा पदवी घेतानाचा काळ्या झग्यातला फोटो आहे ना, तो आलेल्या माणसाले आधी दाखवते, पाणी मंग विचारते. तुही माय गेल्यापासून त्याचा सैपाक मीच करते. खारट झालं तरी बोलत नाई. एवढा गुणी पोरगा मले कसा झाला, मलेच नवल वाटते.

आता कामाचं. आपली चांदी गाय खाली बसली की लवकर उठत नाई. कुटार हुंगते अन् तोंड फिरवते. तुह्या आज्यानं छप्पनच्या दुसऱ्या वर्षी कारंजाच्या बाजारातून गवळाऊ कालवड आणलती, तिची ही नात. हिले सारे गोऱ्हेच झाले, कालवड एकही नाई. गावात आता जर्सी करून राह्यले, गवळाऊ कोणी पुसत नाई. ही गेली की त्या कालवडीचं काहीच राहत नाई आपल्या कोठ्यात.

तू ढोराईची डाक्टर. काही दवा असन तं कळवजो. माह्यासाठी नको, मी अजून उठते.

तुही आजी
तानाबाई

•

२७ जानेवारी १९८६

प्रिय आजी,

जयभीम. ओळख पटली. दोन्ही दात आठवले.

पत्र न लिहिण्याला सबब नाही, म्हणून सांगत नाही. चांदीबद्दल खरं सांगते. अठरा वर्षांच्या गाईच्या पाय ओढण्यावर दवा नाही. कुटार भिजवून द्या, गुळाचं पाणी द्या, खाली बसली तर अंगाखाली तणस टाका. एवढंच.

पण तिचं काहीच राहणार नाही असं तू लिहिलंस आणि तेव्हापासून माझं लक्ष कामात नाही. मी इथे, दिल्लीबाहेरच्या या संशोधन संस्थेत, काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. गाई-म्हशींच्या पोटात, गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एक-एक अंडाशय असतं, मोठ्या बोराएवढं. त्यात बारीक अंडी असतात, डोळ्यांना न दिसणारी. ती आम्ही काढतो, काचेच्या बशीत ठेवतो, वळूच्या बीजाशी त्यांची गाठ घालतो. एका अंड्याचे दोन भाग होतात, दोनाचे चार. त्या भागांना पेशी म्हणतात. नीट वाढलं तर तो गर्भ दुसऱ्या गाईच्या पोटात ठेवायचा, आणि वासरू होतं. परदेशात झालंय. आमच्याकडे अजून नाही.

सगळं अंड्यावर असतं, आजी. चांगल्या अंड्याभोवती बारीक पेशींची दाट गादी असते, जणू कोणी गोधडीत गुंडाळलंय. वाईट अंडं उघडं पडलेलं असतं. पण कधी कधी चांगलं दिसणारंही फसवतं.

तर मागणं असं. चांदी गेली की तिची अंडाशयं लगेच काढून मला पाठवता येतील का? गवळाऊ वळूचं गोठवलेलं बीज इथे आहे. तिचं अंडं जगलं तर कालवड होऊ शकेल. कोमट पाण्यात आसवाइतकं मीठ घालायचं, थर्मासमध्ये ठेवायचं, थंड होऊ द्यायचं नाही. काढायला आर्वीच्या ढोर-डॉक्टरांना मी वेगळं पत्र लिहिते.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. मीच समजावून लिहीन.

तुझी
जयवंता

•

रोहणा
१९ फेब्रुवारी १९८६

जयवंतास आजीचा जयभीम.

सुलोचनानं वाचलं तं मी म्हटलं पुन्हा वाच. गाईचं अंडं! मी ढोरं बाहेरून पायले अन् आतून त्याच्यापेक्षा जास्त पायले, पण अंडं काई दिसलं नाई. मंग सुलोचनानं डोळ्याले न दिसणारं म्हणून समजावलं. म्हटलं, न दिसणाऱ्यासाठी पोरगी तिथं पगार घेते, हुशार निघाली.

आता हासणं झालं. उत्तर नाई असं आहे.

तुले ठाऊक आहे पण तू विसरली, म्हणून सांगते. छप्पनच्या दसऱ्याले आम्ही नागपूरले गेलतो. वापस आल्यावर तुह्या आज्यानं सुरी लोहाराले विळ्याच्या लोखंडात देऊन टाकली अन् म्हणाला, आता या घराचा हात मेल्या ढोराले लागणार नाई. त्याच्या आधी गावात ढोर मेलं की हाक येत होती. तुहा आजा रामाजी ओढत होता, सोलत होता, मी टोपलं धरून मागं. हाक कोणाचीही येवो, जा लागे.

मंग महादेवरावचा बैल मेला. हाक आली, आम्ही गेलो नाई. दुसऱ्या दिवशी त्यायनं बैल गाडीवर टाकून आणला अन् आपल्या दाराशी टाकला. पाहू कसे नाई ओढत म्हणे. जयवंता, तो बैल तिथंच फुगला. गिधाडं घराच्या वळचणीवर बसले. त्याचा एक डोळा दाराकडं होता. तुहा बाप तवा शाळेत जाऊन राह्यलता. दार लावून आम्ही आत बसलो. मी भाकर टाके, तो हातात घे अन् खाली ठेवे. वासानं त्याच्या पोटात काई राहे ना. तरी एकदाही म्हणाला नाई की बाबा, ओढून टाका.

शेवटी महादेवरावच्या माणसायनंच ओढला.

अजूनही कधी दार लोटाले गेली की मी आधी खाली पायते. तिथं काई नसते, अंगणच असते. पण पाय थांबते. माह्यापेक्षा जास्त तुहा बाप थांबते, फक्त तो मास्तर आहे म्हणून चप्पल शोधून राह्यलो असं दाखवते.

अन् तू म्हणते चांदीचं पोट फाडा. डाक्टर फाडन म्हणते. घर तं आपलंच ना. अंगण तेच.

कुटार भिजवून देऊन राह्यली. गुळाचं पाणी पेली. मले पाहून मान हालवते, जसं काई तिनंही पत्र ऐकलं.

लगनाचं काऊन लिहित नाई?

तुही आजी

•

१६ मार्च १९८६

प्रिय आजी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावरून परत येऊन ते वाचलं, आणि हात पुन्हा धुतले.

चांदीचं सोड. मी मागायला नको होतं. पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आणि तुझं पत्र वाचल्यावर ती लपवणं जमत नाही. तू विचारलं नाहीस, की बाकीची अंडाशयं कुठून येतात.

दर आठवड्याला पहाटेच्या बसने मी दिल्लीच्या कत्तलखान्यात जाते. म्हशी कापल्या जातात तिथे. मी फरशीवर बसते, आतड्यांच्या ढिगात हात घालते, सुरीने अंडाशयं कापते आणि थर्मासमध्ये टाकते. ती अजून गरम असतात. तिथले लोक मला ‘डाक्टरनीजी’ म्हणतात आणि बसायला पाट देतात. बाबांच्या भिंतीवर जो फोटो आहे, त्या झग्याच्या खालचे हात हे आहेत.

आणि मग ते सगळं मरतं. आठ पेशींपर्यंत बरं चालतं. नंतर एका सकाळी पाहावं तर पेशींच्या कडेला फुगे आलेले असतात, दूध उतू जायच्या आधी येतात तसे. आतला गाभा आकसतो, त्याचे तुकडे होतात. बाहेरून कोणी मारलेलं नसतं, आजी. रोग नाही, जखम नाही. पेशी आपणच आवरतं घेते. अंडं कमजोर असलं की जास्त पेशी आवरतं घेतात. इतकं शांतपणे चालतं की बघणाऱ्यालाच ओरडावंसं वाटतं. माझे वरिष्ठ म्हणतात, बशी टाकून द्या, पुढची घ्या. मी लगेच टाकत नाही. झाकण लावून एका कोपऱ्यात ठेवते. का ठेवते, विचारू नकोस. डोळे मिटले की फुगे दिसतात.

बाबांना हे कळलं तर ते फोटो उतरवतील. बोलणार काहीच नाहीत. फक्त उतरवतील.

जयवंता

•

रोहणा
२१ मे १९८६

जयवंतास आजीचा जयभीम.

हे पोचेपर्यंत तुहा काका तिथं येऊन गेला असन. त्यानं काई सांगितलं नसन, तो गिरणीतल्या आवाजानं अर्धा बहिरा अन् अर्धा मुका झालेला. म्हणून मी सांगते.

रविवारी सकाळी चांदी गेली. मी तिच्या मानेखाली हात घालून बसलती. मोठा श्वास घेतला, सोडला, अन् पुढचा घेतला नाई. तुहा बाप हरिदास वर्ध्याले शिबिराले गेलता. सुलोचनानं आर्वीले पोट्ट्याले पाठवलं तं रविवार म्हणून दवाखान्याले कुलूप. डाक्टर आपल्या गावाले गेलता.

मी बसून राह्यली. तुहं मार्चचं पत्र आठवलं. उत्तर देल्लं नाई म्हणून रागावली असशीन. रागावून नाई राह्यलती मी, इचार करून राह्यलती. माही नात परक्या गावात आतड्याच्या ढिगात बसते अन् मी इथं स्वच्छ हात घेऊन बसली. असं कसं चालन.

अन् दुसरं. आम्ही जे सोडलं ते काय सोडलं? हात सोडला का हाक सोडली? रामाजी असता तं भांडला असता. पण मी त्याच्यासोबत टोपलं धरलं आहे, मले माहीत आहे, जीव ढोरानं नाई जात होता, त्या हाकेनं जात होता. रविवारी मले कोणी हाक मारली नाई. माही गाय, माहं अंगण, माही नात. मी सुलोचनाले म्हटलं, भाजीचा विळा आण.

कुठं असते ते हाताले आठवलं. डोळे मिटून केलं म्हटलं तरी चालन. दोन निघाले, बोराएवढे, तू म्हटलं तसेच. एक जरा वाळकं.

मिठाचं मात्र तू मोठं अवघड काम देल्लं. आसवाइतकं म्हणते. आसवं आली तं चाखीन ना! गाय मेली, पोट फाडलं, तरी डोळे कोरडे. शेवटी सुलोचनानं कांदा कापला तवा कुठं आलं एक. चाखलं अन् तेवढंच मीठ टाकलं. पाणी गरम करा लागलं नाई, मे महिन्यात आमची विहीरच चुलीवर असते. अन् अंडाशयं मी विहिरीच्या पाण्यानं दोन-चारदा स्वच्छ धुतले, मंग त्याले हळद चोळली. एवढ्या लांब जायचं, वाटेत नासू नये म्हणून. तू लिहिलं नव्हतं, पण तुले सैपाकातलं काय ठाऊक.

चांदीले आपल्या वावरातच पुरलं. त्याच्या आधी, फाडून झालं तवाच, हरिदास आलता. बाकी बरं आहे.

बापाले तू काही लिहू नको. मी सांगितलं त्याले जे सांगायचं ते. अंडं जगलं का ते लिहिजो.

तुही आजी

•

२ जून १९८६

प्रिय आजी,

काका वेळेवर आले. थर्मास हातात देताना म्हणाले, ‘माईनं देल्लं,’ आणि उरलेला वेळ चहा पीत राहिले.

अंडी थोडी निघाली, पण निघाली. चांदी म्हातारी होती, त्या मानाने बरी. काहींची गादी चांगली होती. गवळाऊ वळूच्या बीजाशी गाठ घातली. त्यातली दोन वाढतायत. चार पेशी झाल्या, मग आठ. सकाळी-संध्याकाळी पाहते.

तू जे केलंस त्याबद्दल काय लिहावं ते मला येत नाही. तू केलंस तसंच सगळं बरोबर होतं.

बाबा काय म्हणाले? ‘सांगितलं जे सांगायचं ते’ म्हणजे काय सांगितलंस?

तुझी
जयवंता

•

रोहणा
९ ऑगस्ट १९८६

प्रिय जयवंता,

हे पत्र माझं, तुझ्या काकूचं आहे, आजीचं नाही. तिला सांगितलेलं नाही. गुपचूप लिहिते आहे, तेव्हा उत्तर माझ्या नावाने पाठव.

त्या रविवारी तुझे बाबा परत आले तेव्हा आजी अंगणात हात धूत होती. पाणी लाल होतं. बाबांनी गाईकडे पाहिलं, विळ्याकडे पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं. आजी म्हणाली, ‘मले आठवण झाली, म्हणून फाडलं.’ बस, एवढंच. तुझं नाव घेतलं नाही, थर्मासचं सांगितलं नाही. मी बोलायला गेले तर माझ्याकडे असं पाहिलं की मी आत गेले.

त्या दिवसापासून बाबा तिच्या हातचं खात नाहीत. पाणीही घेत नाहीत. भांडण नाही, आवाज नाही. माझ्याकडे येऊन जेवतात आणि ताट धुऊन ठेवतात. वस्तीत बायका म्हणतात, म्हातारीला जुन्या मटणाची चव आठवली. विहारात कोणीतरी विषय काढला तेव्हा बाबा सेक्रेटरीच्या जागेवरून उठून मागे जाऊन बसले, अजून तिथेच बसतात. आजी ऐकते आणि गंमत करते. म्हणते, मीठ जास्त झालं होतं म्हणून रागावला. पण परवा मला म्हणाली, ‘गावानं माह्या हातचं पाणी पेलं नाई तवा एवढं लागलं नाई व सुलोचना.’

तरी रोज त्यांचं ताट वाढते. झाकून ठेवते. संध्याकाळी स्वतः खाते.

आणखी एक. दुपारी ती रिकाम्या कोठ्यात बसते. चांदी रवंथ करते, ऐक, म्हणते. मी ऐकायला गेले. जयवंता, मी शिकलेली आहे, बालवाडी चालवते. मला काही ऐकू आलं नाही असं मी तिला सांगितलं. तुला तसं लिहवत नाही.

तुझी
सुलोचनाकाकू

•

२४ ऑगस्ट १९८६

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

चांदीचं पोट आजीने मनाने फाडलं नाही. मी मागितलं होतं. आधी ती नाही म्हणाली. मग मी तिला लिहिलं, की मी दर आठवड्याला दिल्लीच्या कत्तलखान्यात जाऊन कापलेल्या म्हशींची अंडाशयं सुरीने काढते. माझं शिक्षण ते आहे, बाबा. ते वाचून तिने विळा घेतला. तुम्हाला माझं कळू नये म्हणून तिने स्वतःवर घेतलं.

चांदीच्या अंड्यापासून गर्भ व्हावा, तिची कालवड व्हावी, एवढ्यासाठी ते सगळं होतं. झालं नाही. दोन गर्भ आठ पेशींपर्यंत गेले आणि दोन्ही गेले. कडेला फुगे आले, पेशी एक-एक करून तुकडे तुकडे झाल्या. मी समोर बसून पाहिलं. आजीला मात्र वाढतायत म्हणून लिहिलं. ते पत्र लिहिलं तेव्हा ते मरून आठवडा झाला होता.

अंडी म्हातारी होती, प्रवास लांबचा होता. आणि थर्मास उघडला तेव्हा पाणी पिवळं होतं. आजीने हळद चोळली होती, साध्या पाण्याने धुतलं होतं. त्यानेच मेली असतील असं माझे वरिष्ठ म्हणतात. वयाने की हळदीने, मला सांगता येत नाही.

त्यांची बशी अजून माझ्या टेबलावर आहे. टाकवत नाही.

फोटो उतरवायचा असेल तर उतरवा. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. मला वाढू नका. पण तिच्या हातचं खा.

आपली
जयवंता

•

रोहणा
२६ ऑक्टोबर १९८६

जयवंतास आजीचा जयभीम.

तुले कोणं सांगितलं होतं बापाले लिहाले? मी बरी बसलती सारं अंगावर घेऊन. सुलोचनाचं नाव नको सांगू, हे सांगितलं तं ती शाई भराले उठली तवाच समजलं.

हरिदासनं तुहं पत्र खिशात ठेवलं. पोळा गेला, दसरा गेला. सदरा बदलला की पत्र नव्या सदऱ्यात. ना बोलला, ना जेवला. मी म्हटलं, सरकारी कागद असन, मास्तर लोकायची बदली होते तशी काहीतरी.

परवा दुपारी कोठ्यात आला. मी चांदीच्या खुट्यापाशी बसलती. तिथं रवंथ ऐकू येते मले. मी काई भेत नाई. जित्तेपणी जेवढी बोलायची त्याच्यापेक्षा जास्त बोलत नाई ती. पण हरिदासले सांगायची सोय नाई, भुताचं नाव काढलं तं विहारात माह्यावर दंड बसवन. तो उभ्यानंच म्हणाला, जयवंताचं पत्र आहे, वाचू का? मंग शाळेत वाचते तसं वाचलं, मोठ्यानं, जसं मागच्या बाकावरही ऐकू गेलं पायजे.

तुह्या बशीतल्या त्या दोघायले मी नावं देल्लते. तुले कळवलं नव्हतं. आता कळवून काय करू. गेले ते गेले. आपणच आवरलं म्हणते तं त्यायचं त्यायले ठाऊक. पण त्या दिवसापासून रवंथेच्या मधात बारीक आवाज येते, वासरू दावं चाटते तसा. सुलोचना म्हणते उंदीर. असतीन उंदीर. मी एका घमेल्यात पाणी भरून खाली ठेवलं, ठेंगण्या तोंडाले पुरन असं. सकाळी कमी होते. उन्हानं होत असन.

एका जागी हरिदास अडला. पान पलटवलं नाई. डोळे खालच्या ओळीवर गेले अन् आवाज मागून गेला. मास्तर माणसाले चोरी जमत नाई. काहीतरी होतं तिथं, ते त्यानं माह्यापासून लपवलं. मले वाचता येत नाई म्हणून लपवता आलं, पण मी त्याचं तोंड वाचते, तो बोलाले शिकला त्याच्या आधीपासून. सुलोचनाले पुसलं तं ती म्हणते मले ठाऊक नाई. त्याले मी पुसलं नाई. पाच महिने माह्या हातचा घास नाई गिळला त्यानं, ती ओळ गिळली.

पत्र घडी करून खिशात ठेवलं. खुट्याकडं पाहत राह्यला. मंग म्हणाला, ‘माय, मी जाऊन पाहून येतो. जयवंता कुठं बसते ते.’

मी म्हटलं, ‘जाय. पण तिथं नाक धरू नको. पोरीले वाईट वाटन.’

तो हासला नाई, पण खाली पायलं.

तं दिवाळीच्या सुटीत येऊन राह्यला तो तुह्याकडं. हे लिहून घेऊन राह्यली तवा तो बाहेर बूट घालून राह्यला. फोटो भिंतीवरच आहे, काळजी करू नको. त्याले कत्तलखाना दाखवजो, लपवू नको. बसाले पाट देते म्हणते ना, त्याच पाटावर त्यालेही बसवजो. अन् ती जुनी बशी टाकून दे आता. टाकवत नसन तं त्याच्या हातात दे, तो पुरन कुठं तरी. पुरायचं त्याले जमते, चांदीवर माती त्यानंच लोटली, रागातच लोटली पण सपाट केली.

वाटेसाठी मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, सोबत जवसाची चटणी. डबा त्याच्या पिशवीत ठेवला. त्यानं पायलं. काढून ठेवला नाई. पण गाडीत उघडते का स्टेशनावर कोणाले देऊन टाकते, ते मले इथून काय दिसणार. हे पत्र सुलोचना खळ लावून चिकटवन, ते डब्याच्या फडक्यातच बांधून देते. तू डबा उघडून पाय. रिकामा निघो का भरलेला, मले लिहू नको, अन् त्यालेही पुसू नको. घासून धू अन् मोकळा वापस पाठवू नको. तिकडं थंडीत तिळाची रेवडी भेटते म्हणे, ती भरजो. नरम पाहून घेजो, अन् जरा जास्तच भरजो. वस्तीत वाटणार मीच आहे.